पंधरावी खेप

मरोळच्या गाळ्यात, तिसऱ्या मजल्यावर,
खाली चेनच्या कारखान्याचा खडखडाट,
वर मी, आणि सुईच्या टोकाशी एक थेंब.
कॅल्शियमच्या पाण्यात पडता पडता
त्याला कातडी येते.
भिजल्या साबुदाण्यासारखा दिसतो,
आत मात्र काही कोटी जीव, श्वास धरून.

श्वास धरून, हे माझं म्हणणं.
डॉक्टर कुरुविलांना असलं चालत नाही.
वहीत लिहायचं: अल्जिनेट दोन टक्के,
सुई बावीस गेजची, खेप चौदावी.

अल्जिनेट म्हणजे समुद्राचं शेवाळ, त्याचा अर्क.
पाकीट येतं कुठल्याशा थंड किनाऱ्यावरून.
आमचा समुद्र इथून सात-आठ किलोमीटर,
त्याला कुणी विचारत नाही.

मग त्यांना छळायचं. पगार त्याचाच.
आधी गरम हवेत वाळवायचं,
मग काचेचं पोट: आम्ल, पेप्सिन, सदतीस अंश,
दोन तास हलवत राहायचं.
उघडे सोडलेले जीव अर्ध्या तासात संपतात.
सकाळी ताटलीवर काही उगवलेलं नसतं,
नुसतं आगर, घासून ठेवलेल्या ओट्यासारखं.

चौदाव्या खेपेला मी कवच दुहेरी केलं.
कोळंबीच्या सालीतलं कायटोसान, वरून एक थर.
अल्ताफ खोत म्हणाला, बाई, आता हे चिलखतच झालं.
आम्लातून निघाली. पित्तातून निघाली.
आतड्याच्या पाण्यात सहा तास फिरली
आणि जशीच्या तशी बाहेर.
गोल, दुधट, एक चरा नाही.
मी टाळी वाजवणार होते.
डॉक्टर भिंगातून डोळा न काढता म्हणाले,
"वाचले सगळे. पोचले कुठे?"

आपल्या भाषेत पोट फार मोठं.
गोष्ट पोटात ठेवतात, अपराध पोटात घालतात,
जे सांगवत नाही तेही तिथेच जिरवतात.
सोळा वर्षं माझ्याही पोटात एक आहे.
निहारला वाटतं, त्याचा बाप गेला.
गेला नाही. वसईत आहे. पंख्यांचं दुकान आहे.
दिवाळीच्या आधी फोन करतो, लॅबच्या नंबरवर,
आणि मी सेंट्रिफ्यूज चालू करते,
अल्ताफला ऐकू जाऊ नये म्हणून.

लहान होता तेव्हा त्याला सोसलं नसतं.
मग दहावी होती.
मग मला सवय झाली.
दरवर्षी वरून एक थर.

पंधराव्या खेपेत कायटोसान निम्मं.
रात्री पावणेदोनला, पित्ताच्या पाण्यात,
मणी आधी फुगले,
कडा धूसर झाल्या,
आणि पाणी हळूहळू गढूळ होत गेलं.
गढूळ पाण्याकडे इतका वेळ
कुणी बघत बसलं नसेल.
अल्ताफ खुर्चीत झोपला होता. उठवलं नाही.

दोन दिवसांनी मोजणी.
ताटलीच्या पाठीवर लाल पेनाचे ठिपके.
एकशे त्रेचाळीस.
डॉक्टर म्हणाले, परत मोजा.
एकशे एक्केचाळीस.

घरी आले तर निहार कांदा चिरत होता, अंड्यासाठी,
बाहीने डोळे पुसत.
"काय चाललंय तुझं रात्र रात्र?"
मी चप्पल काढली. पाणी प्यायले.
म्हटलं, कवच पातळ केलं.
"म्हणजे?"
"गॅस बंद कर," म्हटलं,
"आणि बस जरा."