सव्वातीन इंच

गोखले रोडवरच्या दुकानात केयूरनं
कॅमेरा उलटा करून हातात दिला,
जणू त्याचा जीव पाठीतच होता.
"बघा काका, सव्वातीन इंच. अख्खी पाठ स्क्रीन."

माझ्या जुन्याला होती दीड इंचाची खिडकी,
काडेपेटीपेक्षा लहान.
तिच्यात सगळेच फोटो चांगले यायचे.
नौपाड्यातल्या एका मुंजीचे दोनशे दहा फोटो
तिनं मला हसतखेळत पास करून दिले,
आणि घरी, संगणकावर,
बटू सगळीकडे धूसर,
मागच्या भिंतीवरचं घड्याळ तेवढं लख्ख.
सहस्रबुद्धे अजून तलावपाळीवर दिसले
की मी रस्ता बदलतो.

म्हणून घेतला. शिवाय चाळिशी लागून सहा वर्षं झाली.
नाडगौडा सरांना दाखवायला नेला तर म्हणाले,
"आमच्या रिळात छत्तीस होते,
आम्ही पुढं बघायचो.
तुम्ही एक काढता नि मान घालता खाली,
बकरीसारखी."
बोलताना तेही स्क्रीनच बघत होते,
चष्मा कपाळावर सरकवून.

मग दिवाळ्याची जेटी. दुपारचे बारा.
मच्छीमार सोसायटीच्या कॅलेंडरचं काम,
मार्च महिन्याचं पान.
चांगुणाबाई पाटीमागे बसलेल्या,
बोई, चिंबोऱ्या, थोडी कोलंबी,
मागे चिखलात कलंडलेल्या होड्या.
चार फोटो काढले आणि सवयीनं मान घातली खाली,
तर सव्वातीन इंच काळाशार आरसा.
त्यात टोपी, घामेजलेलं नाक,
आणि नाकावरून गेलेली विजेची तार.
हातानं आडोसा केला. पोटाशी धरला.
पाठ फिरवली, तरी ऊन
माझ्याआधी वळून तयार.

"दाखव मना."

दीड इंचाच्या काळात हे कुणी म्हणायचं नाही.
आता हॉलमध्ये मावशा खांद्यावर हनुवटी टेकवतात,
गाल फार आलेत, हा पुसा, तो पुसा,
आणि जेवणाची पंगत उठते तरी
मी पहिल्याच हारावर अडकलेला.
म्हटलं, आता हीसुद्धा.

बाईंनी बर्फावरचं ओलं गोणपाट उचललं
आणि माझ्या-त्यांच्या डोक्यावरून ओढून घेतलं.
आत गार. खारट. मासळीचा वास नाकाला भिडलेला.
नाडगौडा सरांचे वडील म्हणे
काळ्या कापडात शिरून फोटो काढायचे,
कापडाला एरंडेलाचा वास यायचा.
त्या अंधारात स्क्रीन उमलून आली,
एकेक खवला मोजून घ्यावा.

त्यांनी स्वतःकडे बघितलंच नाही.
"बोई बरी आलीय. चिंबोऱ्या अर्ध्या कापल्यास तू."
खरंच कापल्या होत्या.
मग ओला अंगठा काचेवर टेकवून
मागच्या होड्यांकडे नेला.
"ही. मोठी कर."
मी बटण दाबत गेलो.
मला ती होडी निळा ठिपका होती,
डाव्या कोपऱ्यातला रंग बरा वाटला म्हणून राहू दिलेला.
आता निळ्यावर पांढरी अक्षरं आली: हिरकनी.
ण नाही, न.

"मालकानं रंगवलेली. शाळा चौथी."
गोणपाटातून पाण्याचा थेंब माझ्या मानेवर पडला.
"इकून तीन वर्सं झाली.
त्यानं नाव पुसला नाय अजून."
आणि मग काहीच नाही.
बाहेर कुणीतरी कोलंबीचा भाव विचारत होतं,
दोनदा विचारलं, गेलं.

जेटीपासून ती होडी चाळीस पावलांवर असेल.
रोज तिथं बसणाऱ्या बाईंना
आपल्या डोळ्यांनी न दिसलेलं नाव
माझ्या काचेत दिसलं,
की रोज दिसत होतं
आणि आज फक्त सोबत कुणी होतं,
हे मी विचारलं नाही.

सोसायटीनं मार्चच्या पानावर
डावा कोपरा छाटून तिथं तिथ्या छापल्या.
मी न छाटलेला एक मोठा काढून नेऊन दिला.
त्यांनी तो बर्फापासून लांब ठेवला,
आणि एक बोई जबरदस्तीनं पिशवीत घातली.

केयूरचा फोन आला होता काल.
"काय काका, स्क्रीनचा उपयोग होतोय ना?"
म्हटलं, होतो रे.
उन्हात मात्र गोणपाट लागतं.