व्याख्यान एकोणिसावं

वणीच्या जिनिंगात रात्रपाळी.
एका कानात अमेरिकेचा प्रोफेसर,
दुसरा उघडा, सुपरवायझरसाठी.

तो 'कॉटन' म्हणतो
तेव्हा मी बाहीवरची रुई झटकतो.
मग माणसांचे लिलाव, वयावार भाव.
तिथं दहा सेकंद मागे जातो, पुन्हा ऐकतो,
इंग्रजी कळलं नाही म्हणून नव्हे.

मग लढाई. बंदरं बंद.

मागच्या बाकावरून कुणी काही विचारतं,
ते रेकॉर्डिंगात येत नाही.
नुसती शांतता, खडू ठेवल्याचा आवाज.
त्या फटीत मी हळूच म्हणतो,
"सर, मंग आमच्या इकडला कापूस काहून महागला?"

"गुड क्वेश्चन," तो म्हणतो
आणि दुसऱ्याच कुणाला
उत्तर देत राहतो.

मी लिहून घेतो तेच,
गठाणीच्या पावतीमागं.