अर्ध्या टाकीच्या खाली

शाहदाद फोनवर एवढंच म्हणाला,
"उस्ताद, चढावर दम सोडते."
पंचाऐंशी सालची नाकवाली मर्सिडीज,
पाठीवर तीन हजार गॅलन गोडं पाणी,
इब्रीहून निघून उंटांच्या गोठ्यांपर्यंत जाणारी.
आज सकाळी टोचन करून सनैयात आणली.

फिल्टर बदललेत. एकदा नव्हे, तीनदा.
फीड पंप नवा.
इंजेक्शन पंप सोहारला जाऊन
दोनशे रियाल खाऊन परत आला,
आणि अरबाब हुमैद अल-याकूबी म्हणतो,
भंगारात घाला, खल्ली-वल्ली.

मी लगेच काही उघडत नाही.
चहा मागवतो.
कधी बंद पडते?
"चढावर."
रोज?
"रोज नाही."
मग कधी पडत नाही?

तो पेल्यात बघत राहिला.
आठ महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल करून
काचेच्या ग्लासात डिझेल घेतलं, उन्हात धरलं.
पाणी नाही, गंज नाही,
गोमूत्रासारखं नितळ पिवळं.
टाकीचं झाकण फिरवलं, फुस्स झालं नाही,
म्हणजे तिचा श्वास मोकळा आहे.
मग हातपंप मारला.
वीस-पंचवीस दाबांत तो घट्ट व्हायला हवा,
हा आपला बरक्या फणसासारखा
दबतोय, दबतोय.

चिपळूणच्या डेपोत घाणेकर मिस्त्री सांगायचे,
"परकार, डिझेल बाहेर गळलं तर जमीन सांगते.
हवा आत शिरली तर कोण सांगणार?"

म्हणून माझ्या खणात हातभर पारदर्शक नळी असते,
सलाइनच्या नळीहून जाड.
टाकी आणि पंपाच्या मध्ये ती बसवली,
इंजिन चालू केलं, उकिडवा बसलो.
आधी काही नाही.
मग मोहरीएवढा एक बुडबुडा.
मग मुगाएवढे.
मग माळच.
शाहदाद माझ्या खांद्यावरून बघत होता,
पोटातलं पोर पहिल्यांदा पडद्यावर बघावं तसा.

टाकी सोडून नळी जेरीकॅनमध्ये घातली.
तोंडाने ओढावं लागलं. घोटभर डिझेल आत गेलं, थुंकलं.
तेच इंजिन, तोच पंप,
तासभर एका सुरात.

म्हणजे आजार टाकीच्या पोटात.
ओढनळी बाहेर काढली, फडक्याने पुसली,
नखाने वरून खाली चाचपत आलो
आणि बरोबर मध्यावर नख अडकलं.
केसाएवढी चीर.
डिझेल चिरेच्या वर असेल तर डिझेल ओढते,
खाली गेलं की हवा.
चढावर तर तेवढंही मागे सरकतं.

शाहदाद एकदम बोलला,
"पगाराच्या आठवड्यात पडत नाही."
कसं काय?
"एक तारखेला अरबाब टाकी फुल करतो.
पंधरा तारखेनंतर पाच-पाच रियालचं देतो."

आम्ही दोघे हसलो.
तो बलुचीत काहीतरी म्हणाला,
ते अरबाबबद्दल होतं, अर्थ विचारायची गरज नव्हती.

पितळेचा टाका घातला. हवा मारून पाण्यात बुडवून पाहिला.
सहा रियाल. हुमैद म्हणाला, चार.
संध्याकाळी पाव टाकीवर गाडी निघाली,
फाट्यापुढचा चढ चढताना तिचा आवाज
मी दारात उभा राहून शेवटपर्यंत ऐकला.
कुठे तुटला नाही.

रात्री गोवळकोटला फोन लावला.
आवाज असा का येतोय, साबेरा म्हणाली.
म्हटलं, डिझेल तोंडात गेलं होतं.
आज सव्वीस तारीख.
घरात सगळं ठीक?
"ठीक."
मध्ये थोडी शांतता, मागे नळाखाली भांडं.

तिला दुसरा प्रश्न
मी विचारला नाही.