कानातला दगड

हिपरग्याच्या तलावावरून सायबण्णा
सकाळी सहाला सायकलवर मासे आणतो,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेले,
आणि प्रयोगशाळेच्या मागच्या दारातून ओरडतो,
"मॅडम, पोरं आली तुमची!"

मरळ अजून जिवंत असते.
तिच्या डोक्यात हवा साठवायची एक पोकळी आहे,
पाण्यावाचून तिचं काही वेळ चालतं.
ट्रेमध्ये ती तोंड उघडते, मिटते.
पहिल्या बाकावरच्या मुली मागे सरकतात.

फळ्यावर मी लिहिते: अस्थिमत्स्य.
खाली दोन फाटे.
एक मांसल परांचा, पाण्यातून जवळजवळ संपलेला
(आपली हातापायांची सगळी वरात तिथूनच निघाली),
दुसरा काड्यांच्या परांचा:
रोहू, वाम, शिंगटी,
आणि कोणी न बोलावता आलेली चिलापी,
जी तोंडात पिल्लं धरून
सगळं तळं आपलं करते.

सायबण्णाची वर्गवारी वेगळी.
काट्याचे, बिनकाट्याचे.
रोखीचे, उधारीचे.
मुशीला तो मासाच मानत नाही,
ती बर्फातून येते, रेल्वेनं, कोकणातून.
"अंगात हाड न्हाई, कसला मासा वो?"
मी म्हणते, पुस्तकही साधारण हेच म्हणतं.
तो पुस्तकावर खूश होतो.

आज कटल्याचं डोकं उकळलं.
कवटीच्या तळातून चिमट्यानं काढला
ज्वारीच्या कणीएवढा दगड.
माशाला बाहेर कान नसतो, आत हा असतो,
तोल धरायला, ऐकायला.
घासून भिंगाखाली ठेवला की वळी दिसतात,
वर्षाला एक.

एक, दोन, तीन.
चौथं इतकं बारीक
की निशिगंधा पोलास म्हणाली, मॅडम, हे सुटलंय.

सुटलेलं नाही.
त्या वर्षी तलावाच्या तळाला भेगा होत्या,
मधोमध म्हशी बसतील एवढं डबकं,
आणि आमच्या नळाला आठवड्यानं पाणी.
हा त्या डबक्यात होता.
वाढला नाही. राहिला.

सायबण्णा उंबऱ्यावर चहाची वाट बघत बसलेला.
त्याला बोलावून भिंग दाखवलं.
एक डोळा मिटून त्यानं बराच वेळ बघितलं.
"त्या साली मी पुण्याला. सेंट्रिंगच्या कामावर."
पुढे काही बोलला नाही.
चहा बशीत ओतून प्यायला,
गोणपाट झटकलं, आणि म्हणाला,
"मुंडकं टाकू नका मॅडम.
कालवण होतंय."