विरंगुळा, प्रमाण एकास दोनशे

बंद जिनिंगच्या आवारात आम्ही फीत धरली.
एक टोक माझ्याकडे, दुसरं सुपडू तात्यांकडे;
ते इथेच चोवीस वर्षं रेच्यावर होते.
तात्या फीत ताणत नाहीत,
भिंतीला टेकवून थोडा वेळ नुसती धरून ठेवतात.
त्यामुळे माझ्या वहीत पूर्वेची बाजू
दोनदा वेगळी आली.

नगरपालिकेचा ठराव असा:
शहर पुनर्विकास, टप्पा पहिला,
सामुदायिक विरंगुळा केंद्र, तळमजला अधिक एक.
सूचना व हरकती तीस दिवसांच्या आत.

आल्या.
जलतरण तलाव हवा, असं खालच्या आळीतल्या पोरांनी
वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलं, खाली पंचवीस सह्या;
आणि त्याच पानामागे कुणाच्या तरी आईचं अक्षर:
नळ अकराव्या दिवशी येतो, ते आधी पाहा.
मी दोन्ही बाजू एकाच क्रमांकाने नोंदवल्या.

पूनम कोळीला दिवे हवेत.
कबड्डीला मैदान आहे, म्हणाली,
पण सातनंतर ते आमचं राहत नाही.

कादर पिंजारी म्हणाले, मला काही नको,
फक्त मोठ्या शेडचे पत्रे काढू नका.
भोकांतून ऊन पडतं, त्यात अजून
कापसाचं एखादं बोंडूस उडताना दिसतं.
साहेबांनी विचारलं, ही सूचना धरायची की हरकत?
कादरभाई जरा थांबले.
सवय धरा, म्हणाले.

सभेला हिरकणबाई आल्या
त्या हाताला बिबड्यांचं पीठ तसंच ठेवून.
विरंगुळा म्हणजे काय रे भाऊ?
मी सांगू लागलो: मोकळा वेळ, मन रमवणं,
काही काम नसताना जिथे जाऊन बसता येतं, तसं...
"बसाकरता बी नगरपालिका पैसा देस?"
सभागृह हसलं. मुख्याधिकारीही हसले.
त्या हसल्या नाहीत. नकाशावर बोट ठेवलं,
वाहनतळाच्या मधोमध पिठाचा ठसा उठला.
"आठे निंब शे. तो कोठे गया?"

निंब म्हणजे तो, फाटकाच्या आतला,
ज्याला आखाजीला दोर पडतात.
जिनिंग चालू होतं तेव्हाही मालक त्या दिवशी
फाटक उघडं ठेवायचा म्हणे.
माहेरी आलेल्या पोरी उभ्याने झोके घेत
आणि सासरबद्दल जे काही म्हणायचं
ते वर गेल्यावरच म्हणत.

तो माझ्या नजरेतून सुटला, असं नाही.
मी त्याला मिठी मारून फीत फिरवली होती,
घेर तीन मीटर दहा.
मग सहा मोटारी आणि अठरा दुचाकींसाठी पुसला.
माझी बहीण नंदुरबारला दिलीय,
सहा आखाज्या झाल्या, आली नाही.
हे काही सभेत बोलायचं नव्हतं.

रात्री कार्यालयात नकाशा पुन्हा पसरला.
झाडाची खूण सोपी: वर्तुळ, आत फुली.
एकास दोनशेला निंब वाटीच्या बुडाएवढा भरला.
विहिरीला खूण आहे, खांबाला आहे, गटारालाही;
झोक्याला तक्त्यात नाही.
दोर साडेचार मीटर, पुढे तेवढं, मागे तेवढं,
आणि उभ्याने घेतला तर?
तात्यांना फोन लावला. झोपेतच म्हणाले,
जागेचं काय विचारतोस, फांदीचं विचार.

सहाच्या सहा मोटारी गेल्या.
पीठ वाळून आपोआप निघालं होतं;
ठशाभोवती मी पेन्सिल फिरवून ठेवली होती, बरं झालं.
तिथे लिहिलं: मोकळी जागा, बांधकाम करू नये.
प्रयोजनाच्या रकान्यात बराच वेळ पेन धरून
शेवटी लिहिलं:
बसाकरता.

फाईल आता जळगावला आहे.
बहुतेक शुद्धलेखनासाठी परत येईल.