परसूमामाचं जनावर

तिकीट पाच रुपये, पोरांना दोन.
पावती फाडताना सिद्लिंगप्पा म्हणतो, "मुट्टबेडरी."
मग माझ्याकडे बघून मराठीत,
"हात लावू नका हं, रंग सुटालाय."

दारातच उभं आहे ते.
फायबरचं, चौदा फूट.
शेपटीचं टोक कुणीतरी नेलंय,
आतली तार दिसते.

आमच्या परसूमामानं केलं होतं.
आयुष्य शाडूत गेलं त्याचं, अनंतशयन गल्लीत,
आणि एका मार्चअखेर खानापुरातून सरकारी ऑर्डर आली:
डायनोसॉर, एक नग, फोटोप्रमाणे.
फोटो झेरॉक्सचा.
डोळ्यांच्या जागी नुसता काळा डाग.
मामा दोन दिवस बिड्या ओढत बसला.
मग येत होते तेच डोळे काढले.

लांब, अर्धे मिटलेले,
कोपऱ्यात तांबडी रेघ.
खाली दातांच्या दोन रांगा.

"चावायचा काय ग हा?" शर्वरी विचारते.
"चावायचा की."
"खरं रागावलेला दिसत नाही."

आत पंख्याचा आवाज, डांबरगोळ्यांचा वास.
काचेखाली घटप्रभेच्या काठचे दगड.
पाटी कन्नडात; मी अक्षर अक्षर लावत वाचते,
कल्लिन कोडली.
दगडाची कुऱ्हाड.
किती वर्षांपूर्वीची, त्यातली शून्यं शर्वरी मोजते,
मध्येच चुकते, पुन्हा मोजते.

मग काचेवर पंजा ठेवते, डावा.
अंगठ्याला खाच, बोटांना उतार,
सावली बरोबर दगडावर बसते.
"बघ, हा डाव्या हाताचा आहे," ती म्हणते.
वर्गात ती एकटीच डावखुरी.
असेलही. पाटीवर तसलं काही नाही.

मामाही डावखुरा.
सोंड, पोट, उंदीर, सगळं डाव्यानं,
खरं डोळे उजव्या हातानं काढायचा.
देवाचं काम, म्हणायचा,
आणि तो न सरावलेला हात
रेघेच्या शेवटी जरा थरथरायचा.
गिऱ्हाइकांना कधी कळलं नाही.
आम्हा पोरांना ठाऊक होतं.

निघताना सिद्लिंगप्पा डबा उघडून बसलेला.
मी टाचा उंचावते,
त्या जनावराच्या तोंडाशी तोंड नेते.

तांबडी रेघ सरळ येते, येते,
आणि टोकाला
किंचित हलली आहे.