अकरा ते चौदा दिवस

रात्री दोनला स्क्रीनवर पिवळी ओळ आली:
पंप दोन. बेअरिंग. अकरा ते चौदा दिवस.
एवढंच. सरकारी पत्रासारखी कोरडी,
पण तारखेसकट.

मी तीन नंबरच्या बेमध्ये होते, मांडीपर्यंत बूट,
पोलंडहून रिकामा परतलेला ट्रक,
तीन मजली, डुकरांचा.
तळमजल्यावरचा भुसा थंडीने लाकूड झालेला.
आधी गरम पाणी, मग फेस, पुन्हा पाणी, मग जंतुनाशक,
मग शिक्का. शिक्क्याशिवाय
पाडबोर्गच्या आमच्या फाटकातून कुणी फार्मकडे वळत नाही.

स्वेनिंग सकाळी सहाला आला.
स्क्रीनकडे न बघता पंपाकडे गेला,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगावर टेकवलं,
लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटले.
डाव्या कानाने त्याला आता बायकोही ऐकू येत नाही,
पण हाड ऐकतं, म्हणतो.
"नऊ," म्हणाला, आणि कॉफी ओतायला गेला.

टिल्डे, जिने सेन्सर बसवले, हसली नाही.
तिने नऊ लिहून घेतलं.
गेल्या वर्षी त्याच्या वह्या तिने मागून नेल्या होत्या,
एकोणीस वर्षांच्या, ग्रीसची बोटं उमटलेल्या:
कुठला पट्टा कधी तुटला, नोझलमध्ये चुना कधी बसला,
कुठल्या हिवाळ्यात व्हॉल्व्ह गोठला.
त्यांच्यावरच हे यंत्र भाकीत करायला शिकलं.
मध्येच कुठे "इंगेरचं ऑपरेशन",
कुठे "कुत्रा गेला, उशिरा आलो".
या ओळींचं काय करायचं, यंत्राला कळेना.
टिल्डेने त्या वगळल्या. मला सांगताना मात्र
आवाज खाली आणला,
कुणाच्या घरातलं पाहून आल्यासारखा.

सातव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, बेअरिंग बदललं.
चाळीस मिनिटं. कुणाचा खोळंबा नाही.
जे होणार होतं ते झालं नाही,
आणि न झालेल्या गोष्टीची गोष्ट कशी सांगायची?

मला झालेल्या आठवतात.
तो जानेवारी, हाच पंप
रात्री एकला किंचाळून बंद पडला,
चौदा ट्रक रांगेत, इंजिनं चालू, धूर आडवा.
कोस्टेलने केबिनमधला स्टोव्ह पेटवला,
मक्याच्या पिठाचं पातेलं हातोहात फिरलं,
एका लाटव्हियन ड्रायव्हरने मुलीचे फोटो दाखवले,
एकाच पोझचे, चाळीसेक.
स्वेनिंग पंपाखाली आडवा, शिव्या देत;
डॅनिशमधलं "धन्यवाद" शिकायच्या आधी
मी त्या शिव्या शिकले.
आणि पहाटे कुणीतरी माझं नाव
पहिल्यांदा नीट उच्चारलं: यादविगा.

आता बावीस मिनिटं, शिक्का, पुढचा.
कोस्टेल अजून येतो. काचेआडून दोन बोटं वर करतो.
माझी तक्रार नाही. पाय कोरडे राहतात,
पगार वेळेवर, पाठ दुखते ती कमी.

काढलेलं बेअरिंग भंगारात जायचं होतं.
मी ठेवून घेतलं.
बोटाने फिरवलं की लोण्यासारखं फिरतं,
फक्त एका जागी, अगदी एकाच जागी,
भातात खडा लागावा तसं.
अजून चाललं असतं.
किती, ते आता स्वेनिंगला कळणार नाही
आणि स्क्रीनलाही.
नऊ की अकरा,
पैज कुणीच हरलं नाही.

एप्रिलमध्ये तो गेला. म्हणजे निवृत्त झाला.
केक, छोटं भाषण, कंपनीचं नाव असलेलं जाकीट.
जाताना स्क्रूड्रायव्हर माझ्या लॉकरवर ठेवला,
मूठ पुसून.

काल रात्री तीनला रांग नव्हती.
सगळ्या ओळी हिरव्या.
मी टोक पंपावर टेकवलं, मूठ हाडाला.
आधी नुसतं पाणी. मग पाण्याखाली
एक सूर, सरळ, कुठेही न अडखळणारा.
मला काय ऐकायचं होतं, कोण जाणे.
हॉर्न वाजेपर्यंत तशीच उभी होते.